निकाल न मागणारी देणगी

18 जून 1931 रोजी उत्तर वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात लेडी मेहेरबाई टाटा वारल्या. आजार ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. वय पन्नाशी नुकतीच ओलांडलेलं. पती सर दोराबजी टाटांकडे पैशाला तोटा नव्हता, पण पैसे मोजून आणता येईल असा इलाजच तेव्हा जगात कुठे नव्हता. रोगाचं निदान व्हायचं, काही जुनाट प्रकारांत क्ष-किरणांनी किंवा आर्सेनिकच्या औषधानं थोडे दिवस आराम पडायचा. त्यापुढे वैद्यकशास्त्रानं हात टेकलेले.

पुढच्या वर्षी दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीकडे सोपवली. मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिरा त्यातच गेला आणि पुढे विकला गेला. 245 कॅरटचा हा हिरा वजनानं आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून जास्त होता. या मुख्य ट्रस्टखेरीज एप्रिल 1932 मध्ये त्यांनी पत्नीच्या नावानं आणखी एक ट्रस्ट केला, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश जगातल्या कुठल्याही देशात चाललेल्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि उरलेला एक पंचमांश भारतीय संशोधकांसाठी. 3 जून 1932 रोजी जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे दोराबजीही गेले. पत्नीच्या समाधीला भेट द्यायला ते इंग्लंडकडे निघाले होते.

मुंबईतला एक पारशी उद्योगपती आपला पैसा कुठल्या देशातल्या, कुठल्या धर्माच्या, कुठल्या प्रयोगशाळेतल्या माणसाला जाणार हे ठाऊक नसताना देऊन टाकतो. तो ज्या रोगासाठी देतो त्यावर औषध कधी सापडेल, सापडेल की नाही, हेही त्याला माहीत नाही. आपल्याकडे देणगी म्हटली की आधी कोनशिला डोळ्यांपुढे येते. दोराबजींच्या संपत्तीतून इमारतीही झाल्या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं, त्यामागे हाच पैसा होता. पण ल्युकेमियाचा ट्रस्ट ही वेगळ्या जातीची देणगी होती. तिथे पैसा विटांना मिळत नव्हता, माणसांच्या वेळेला मिळत होता. आणि वैद्यकीय संशोधनात सगळ्यात जास्त तुटवडा पडतो तो तरुण माणसांच्या वेळेचाच.

हा तुटवडा कसा तयार होतो ते पाहू. आपल्याकडे एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. पुढे एमडी किंवा एमएस तीन वर्षांचं, मग बॉण्ड, मग सीनियर रेसिडेन्सी. म्हणजे स्वतःच्या प्रश्नावर काम सुरू करावं अशी पात्रता अंगी येते तेव्हा तिशी गाठलेली असते. घरी लग्नाचा किंवा मुलांचा विषय असतो, शिक्षणाचं कर्ज असतं, आणि बरोबरीच्या मित्राच्या दवाखान्याची पाटी लागलेली असते. अशा माणसाला मोठं सरकारी अनुदान मिळायला हवं असेल तर आधीचं काम दाखवावं लागतं. आधीचं काम करायला अनुदान लागतं. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हा फास सुटलेला नाही. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं पहिलं मोठं स्वतंत्र अनुदान मिळणाऱ्या संशोधकाचं सरासरी वय 1980 च्या सुमारास 36 होतं. नंतरच्या दशकांत ते चाळिशीच्या पुढे सरकलं, आणि डॉक्टर असलेल्या संशोधकांचं तर आणखी पुढे. ज्या वयात माणूस धाडसी प्रश्न विचारतो, त्या वयात त्याच्या हाती पैसा नसतो. पैसा येतो तोवर तो समितीला आवडतील असे प्रश्न विचारायला शिकलेला असतो.

सरकारी पैशाची ही मर्यादा मी दोष म्हणून सांगत नाही. करदात्याचा पैसा जपून खर्च करायचा तर पुरावा मागावाच लागतो. पण म्हणूनच खासगी देणगीला तिथे जागा आहे. सरकार देऊ शकत नाही तिथे, म्हणजे पुरावा नसताना, देणं हेच तिचं काम. सरकारी योजनेसारखेच निकष लावून, त्याच अनुभवी प्राध्यापकांना आणखी थोडे पैसे देणारे निधी मला म्हणूनच वाया गेल्यासारखे वाटतात.

ही कल्पना दोराबजींच्याही आधीची. 1909 मध्ये लंडनमध्ये ओटो बाइट यांनी आपला भाऊ आल्फ्रेड याच्या स्मरणार्थ वैद्यकीय संशोधनाच्या शिष्यवृत्त्यांसाठी 2,15,000 पौंड दिले. वर्षाला 250 पौंड, तीन वर्षं. म्हणजे चैन होणार नाही, पण पोटासाठी रुग्ण तपासत बसावं लागणार नाही, एवढी रक्कम. पुढे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालेले फ्रँक मॅक्‌फार्लेन बर्नेट विशीत ऑस्ट्रेलियातून लंडनला आले होते, तेव्हा त्यांना हीच शिष्यवृत्ती होती.

आणि त्याहीआधी, 1892 मध्ये, दोराबजींचे वडील जमशेटजी टाटांनी जे. एन. टाटा एंडोमेंट सुरू केली होती. तिची रीत निराळी: बक्षीस नाही, कर्ज. परदेशी शिकायला जा, परत ये, कमवायला लाग आणि फेड. तुझ्या फेडीतून पुढचा जाईल. सुरुवातीच्या लाभार्थ्यांत दोन स्त्री डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. कर्जाची ही पद्धत शिक्षणासाठी उत्तम, कारण शिकलेला डॉक्टर कमावतोच. संशोधनाला मात्र ती लागू पडत नाही. तीन वर्षं एखाद्या परजीवी जंतूच्या मागे घालवलेल्या माणसाकडे फेडायला काय असणार? फार तर एक शोधनिबंध. निधी उभारताना पहिला निर्णय इथेच होतो. पैसा फिरत राहावा अशी इच्छा असेल तर शिक्षणाला द्यावा. संशोधनाला दिलेला पैसा गेला असं समजूनच द्यावा.

गेलेला पैसा कुठे जाऊन पोचतो, याचा माग काढला की मात्र चकित व्हायला होतं. ल्युकेमियाचंच घ्या. 1922 मध्ये आंध्रातला एक तरुण वैद्यकीय पदवीधर, येल्लाप्रगडा सुब्बाराव, बोस्टनला हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातले रोग शिकायला निघाला. बोटीच्या भाड्याचेही वांधे होते. सासऱ्यांनी पैसे जमवले आणि काकीनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेनं मदतीचं वचन दिलं. एका बंदरगावातला धर्मादाय ट्रस्ट, आणि समोर एक नाव नसलेला तरुण.

दुसरा धागा परळचा. 1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. प्रश्न होता गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या गंभीर रक्तक्षयाचा. त्यांचा आहार पाहून, तसाच आहार प्राण्यांना देऊन, शेवटी तिला आढळलं की मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं या बायका बऱ्या होतात. यीस्टमध्ये नेमकं काय होतं ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. तेच आज प्रत्येक गरोदर बाईला दिलं जाणारं फॉलिक ॲसिड. 1940 च्या दशकात लेडर्ले या अमेरिकी औषध कंपनीत सुब्बारावांच्या चमूनं ते कृत्रिमरीत्या बनवलं. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना शंका आली की फॉलिक ॲसिडनं ल्युकेमिया उलट बळावतो. तसं असेल तर त्याचा मार्ग अडवणारं द्रव्य दिलं तर? सुब्बारावांच्या चमूनं बनवलेलं ॲमिनॉप्टेरिन त्यांनी ल्युकेमियाच्या 16 मुलांना दिलं. 10 मुलांत रोग तात्पुरता मागे हटला. जून 1948 मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि कर्करोगावरच्या औषधोपचाराचं दार त्या दिवशी किलकिलं झालं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

आता हिशेब मांडून बघा. काकीनाड्याच्या ट्रस्टनं उष्ण कटिबंधातल्या रोगांच्या शिक्षणासाठी माणूस पाठवला. लूसी विल्स रक्तक्षयावर काम करायला मुंबईत आली. दोघांपैकी कुणाच्याही अर्जावर ल्युकेमिया हा शब्द नव्हता. दोराबजींनी ज्या रोगासाठी पैसे ठेवले त्याचं पहिलं खरं औषध अशा आडवाटांनी आलं. म्हणून एखादा देणगीदार जेव्हा म्हणतो की माझा पैसा फक्त अमुक रोगावरच्या औषधासाठीच वापरा, तेव्हा त्याला ही गोष्ट सांगावी. रोग सांगण्याचा हक्क त्याचा आहे. दोराबजींनीही सांगितलाच होता. पण त्या रोगापर्यंत जायचा रस्ता संशोधकाला शोधू द्यावा लागतो.

रस्ता शोधू न देणारी शिष्यवृत्ती काय करते, याचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. जेम्स वॉटसन 1950 मध्ये डॉक्टरेट मिळवून कोपनहेगनला गेले तेव्हा त्यांना मर्क शिष्यवृत्ती होती. तिथल्या जीवरसायनशास्त्रात मन रमेना, म्हणून ते केंब्रिजला निघून आले. शिष्यवृत्ती मंडळाचा पारा चढला. ठरलेला विषय सोडून, ठरलेली प्रयोगशाळा सोडून हा पोरगा स्वतःच्या मनानं कुठे चालला? मुदत कमी झाली, पैसेही कापले गेले. मंडळ नियमाला धरूनच वागलं होतं. त्यानंतर वॉटसनना आधार दिला तो पोलिओसाठी पैसे गोळा करणाऱ्या एका संस्थेनं, नॅशनल फाउंडेशन फॉर इन्फंटाइल पॅरालिसिसनं. एप्रिल 1953 मध्ये डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटच्या आभारांत या पोलिओ-संस्थेच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख आहे. पोलिओशी त्या निबंधाचा काही संबंध नव्हता.

ही संस्था कशावर चालत होती ते बघण्यासारखं आहे, कारण देणगी मोहीम कशी उभी करावी याचा तो पहिला मोठा धडा आहे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः पोलिओनं अधू झालेले. 1938 च्या जानेवारीत संस्था निघाली आणि विनोदी नट एडी कँटर यानं रेडिओवरून लोकांना आवाहन केलं: एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाऊसला पाठवा. ‘मार्च ऑफ डाइम्स’ हे नाव त्याचंच. पत्रांचा असा पूर लोटला की अध्यक्षांचं रोजचं टपाल त्यात हरवू लागलं. 26 लाख 80 हजार डाइम मोजली गेली, म्हणजे 2 लाख 68 हजार डॉलर. तोवर मोठं दान ही रॉकफेलर-कार्नेगींची मिरास समजली जायची. ती समजूत इथे मोडली. 1955 मध्ये साल्क यांच्या लशीची घोषणा झाली तेव्हा लाखो सामान्य अमेरिकनांना ती आपल्याच पैशांतून झाली असं वाटलं, आणि ते खरंही होतं.

मात्र लस एवढ्या पैशांत थेट विकत घेतली गेली नव्हती. लस बनवायला विषाणूशास्त्र जाणणारी माणसं लागतात आणि 1938 मध्ये ती फारच थोडी होती. म्हणून संस्थेनं तरुणांना शिष्यवृत्त्या दिल्या, विद्यापीठांना जागा-वीज-प्रशासनाचा वरखर्च दिला, एका वर्षाऐवजी लांब मुदतीची अनुदानं दिली. यातलं काहीच डाइम मागणाऱ्या जाहिरातीत नव्हतं. जाहिरातीत कुबड्या घेतलेलं मूल होतं. देणगीदाराला मूल दाखवायचं आणि पैसा प्रशिक्षणाला लावायचा, हे लबाडीचं वाटेल. मला ते तसं वाटत नाही, एका अटीवर: विचारणाऱ्याला पैसा कुठे गेला ते चोख सांगितलं पाहिजे.

वरखर्चाचा मुद्दा निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण नवे निधी बहुधा इथेच अडखळतात. डिसेंबर 1946 मध्ये न्यू यॉर्कचा लेखक-पत्रकार डेमन रनयन घशाच्या कर्करोगानं गेला. त्याचा मित्र, रेडिओवरचा वॉल्टर विंचेल, यानं रविवारच्या आपल्या कार्यक्रमात श्रोत्यांना पैसे पाठवायला सांगितलं आणि वचन दिलं की यातला एक पैसाही कार्यालयीन खर्चात जाणार नाही. ऐकायला फार छान. पण अर्ज छाननीला माणूस लागतो, हिशेबाला लेखापाल लागतो, तज्ज्ञांची बैठक घ्यायची तर चहासुद्धा लागतो. हे पैसे कुठून आणायचे? या निधीनं काढलेली तोड अस्सल न्यू यॉर्कची होती. ब्रॉडवेच्या नाटकांची मोक्याची तिकिटं त्यांच्याकडे येतात. ती चढ्या किमतीला विकायची आणि वरच्या पैशांतून, शिवाय आपल्या राखीव निधीच्या उत्पन्नातून, कार्यालय चालवायचं. त्यामुळे देणगीचा शंभर टक्के भाग शास्त्रज्ञांना जातो असं ही संस्था आजही छातीठोकपणे म्हणू शकते. आज तिचा सगळा भर तरुण कर्करोग-संशोधकांवर आहे. वैद्यकीय पदवीधरांनी संशोधनाकडे वळावं म्हणून एका योजनेत ती त्यांच्या शिक्षणकर्जापैकी एक लाख डॉलरपर्यंत फेडते. खरी अडचण ओळखून केलेली ही योजना आहे. तरुण डॉक्टर संशोधन सोडतात ते बऱ्याचदा बँकेच्या हप्त्यामुळे.

आपल्याकडे शंभर टक्क्यांचं वचन कुणी देऊ नये, असं माझं मत आहे. आपल्याकडे ब्रॉडवे नाही. वरखर्चासाठी एकाच मोठ्या देणगीदाराला बाजूला घेऊन स्पष्ट सांगावं की तुमचे पैसे कार्यालयाला, बाकीच्यांचे संशोधकांना. असा देणगीदार मिळणं कठीण, पण मिळाला तर त्याच्यासारखा उपकारकर्ता दुसरा नाही.

समजा, पुण्या-मुंबईतल्या किंवा मिरज-नागपूरच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना तरुण संशोधकांसाठी निधी उभारायचा आहे. रौप्यमहोत्सवी बॅचचं संमेलन आहे, जुन्या आठवणींनी सगळे भारावलेले आहेत आणि कुणीतरी म्हणतं, एक कोटी जमवू आणि कायमचा निधी करू. कायमचा म्हणजे मूळ रक्कम न मोडता फक्त व्याज खर्चायचं. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सात लाख. पण महागाईनं मूळ रकमेची किंमत घटू नये म्हणून त्यातले निदान तीन परत मुदलात घालायला हवेत. उरले चार लाख. जानेवारी 2023 पासून सरकारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा दर महिना 37,000 रुपये आहे, घरभाडं वेगळं. वर्षाचे झाले 4 लाख 44 हजार. म्हणजे एक कोटीच्या अक्षय निधीतून एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचाही पूर्ण पगार निघत नाही, मग एमडी झालेल्या डॉक्टरचं तर नावच काढू नका.

हेच कोटी दहा वर्षांत खर्चून संपवायचे ठरवले तर? तीन-चार तरुण डॉक्टरांना प्रत्येकी तीन वर्षांचा अर्धा पगार आणि प्रयोगाचा खर्च देता येईल. तीस लाखांत एक माणूस उभा राहतो, असा माझा ढोबळ अंदाज. नाव अमर करण्याची हौस बाजूला ठेवली तर लहान निधीला दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा. अक्षय निधी टाटांसारख्यांना शोभतो. आपल्याकडच्या आयकर नियमांतही धर्मादाय ट्रस्टनं वर्षाच्या उत्पन्नापैकी 85 टक्के त्या-त्या वर्षी कामाला लावावे अशी अपेक्षा असते, आणि मूळनिधीसाठी दिलेली रक्कम वेगळी धरायची तर देणगीदारानं तसं लेखी द्यावं लागतं. संमेलनाच्या उत्साहात हे लेखी घ्यायचं राहून जातं आणि मग सनदी लेखापाल कपाळाला हात लावतो.

परदेशातल्या वर्गमित्रांचं आणखी एक प्रकरण असतं. शिकागोतला मित्र भारतीय पासपोर्टवर असेल तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय योगदान धरले जात नाहीत. पण त्यानं अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, मग हातात ओसीआय कार्ड असलं तरी, तोच पैसा परकीय ठरतो आणि परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या ट्रस्टला तो घेता येत नाही. नोंदणी असेल तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतच जमा व्हावा लागतो, प्रशासनावर 20 टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, आणि एका संस्थेनं घेऊन दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत घोषणा करण्याआधी कोणाकोणाचा पासपोर्ट कुठला, हे विचारून घ्यावं. विचारायला अवघड वाटतं, पण नंतर पैसे परत करणं त्याहून अवघड.

पैसा जमला की निवड. इथे देणगीदाराच्या मनाची खरी परीक्षा होते. आपल्या पैशातून कोणाला द्यायचं हे आपण ठरवावं असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण देणगीदार, महाविद्यालयाचे अधिष्ठाता, विभागप्रमुख हे तिघेही निवड समितीत नसावेत. देणगीदार नसावा, कारण त्याला विज्ञानाची पारख असेलच असं नाही. अधिष्ठाता नसावेत, कारण त्यांना संस्थेतली सगळी गणितं सांभाळायची असतात. विभागप्रमुख नसावेत, कारण अर्जदार त्यांचेच विद्यार्थी असतात. बाहेरगावचे तज्ज्ञ आणावेत आणि त्यांचा निर्णय अंतिम मानावा. लेडी टाटा ट्रस्टनं ल्युकेमियाच्या पुरस्कारांसाठी शास्त्रज्ञांची सल्लागार समितीच नेमली आणि विश्वस्तांना त्या भानगडीतून सोडवलं.

याचा अर्थ देणगीदारानं अट घालूच नये असा नाही. चांगली अट संस्थेचं भाग्य बदलू शकते. परळचं सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय 1926 मध्ये निघालं. गोरधनदासांच्या वारसांनी पैसे देताना अट घातली की तिथले अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच असले पाहिजेत. तेव्हा वैद्यकातल्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. त्या एका ओळीनं भारतीय डॉक्टरांना शिकवायची जागा मिळवून दिली. अट प्रकाराची असावी, व्यक्तीची नसावी. ‘ग्रामीण महाराष्ट्रातल्या रोगावर काम करणाऱ्याला’ अशी अट चालेल. ‘माझ्या भाच्याच्या विभागाला’ चालणार नाही.

डॉक्टर-संशोधकाला पैशाहून दुर्मीळ असतो तो मोकळा वेळ. सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची रांग दारापर्यंत असते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ड्यूटी कमी होत नाही. अमेरिकेतल्या अशा अनेक अनुदानांत अटच असते की किमान 75 टक्के वेळ संशोधनाला मिळाला पाहिजे, आणि तसं संस्थेनं लिहून द्यायचं. आपल्याकडे 75 टक्के म्हणजे स्वप्न. पण आठवड्यातले दोन दिवस लेखी मागता येतात, आणि त्या दोन दिवसांची ओपीडी सांभाळायला नेमलेल्या डॉक्टरचा पगार निधीतून देता येतो. हे केलं नाही तर तरुण संशोधक रात्री दहानंतर संशोधक असतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या डोरिस ड्यूक प्रतिष्ठाननं याचाच पुढचा विचार केला. घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असलेल्या तरुण डॉक्टर-संशोधकांना त्यांनी वैद्यकीय विद्यापीठांमार्फत जादा पैसे दिले, म्हणजे तंत्रज्ञ किंवा संख्याशास्त्रज्ञ नेमता यावा आणि कठीण काळात काम बंद पडू नये. अशा वर्षांत संशोधन सोडणाऱ्यांत बायका जास्त असतात, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. म्हणून वयाची अट घालू नये. पदवीनंतरची वर्षं मोजावीत आणि त्यातून बाळंतपणाची, आजारपणाची वर्षं वजा करावीत. लूसी विल्स मुंबईला आली तेव्हा चाळिशीची होती. पस्तिशीची अट असती तर ती बसलीच नसती.

एका माणसावर लावलेला पैसा पुढे किती जणांना पोचतो त्याचं आपल्याकडचं उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचं. पुण्याच्या कमल समर्थ. टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली काम करून 1949 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. मग शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचं तंत्र तेव्हा जगात मोजक्या ठिकाणी होतं, आणि गाय त्यातले अव्वल. ते तंत्र घेऊन त्या मुंबईला परतल्या आणि इथे पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. तिथे शिकलेल्यांनी पुढे आणखी शिकवलं. त्या शिष्यवृत्तीत परदेशात शिकण्याइतकंच परत येऊन काम करायला जागा असणं महत्त्वाचं होतं. ती जागा खानोलकरांनी राखली होती. आजच्या शिष्यवृत्त्या इथेच कमी पडतात. तीन वर्षं संपतात आणि माणूस पुन्हा रस्त्यावर. निधी लहान असेल तर माणसं कमी घ्यावीत, पण शेवटच्या वर्षानंतर सहा महिने ते वर्षभराचा पूल ठेवावा. आणि विद्यावेतन महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पडलं पाहिजे. सहा-सहा महिने शिष्यवृत्ती न मिळाल्याच्या तक्रारी आपल्याकडे इतक्या नेहमीच्या आहेत की वेळेवर पैसे देणं हेच एखाद्या खासगी निधीचं वैशिष्ट्य ठरावं.

मोठ्या प्रमाणावर हे कसं करता येतं ते 2008 पासून भारतात दिसतं. इंग्लंडचा वेलकम ट्रस्ट आणि आपला जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून इंडिया अलायन्स सुरू केला, हैदराबादेतून त्याचा कारभार चालतो. अनुदान संस्थेला नाही, माणसाला. ते त्या व्यक्तीबरोबर दुसऱ्या संस्थेतही जाऊ शकतं. तरुण संशोधकाला विभागप्रमुखाशी बरोबरीनं बोलता येतं ते या एका तरतुदीमुळे. लहान निधीनंही हे कलम उचलावं. महाविद्यालय कुरकुर करेल, कारण पैसा त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेला असतो. माजी विद्यार्थ्यांनी तेवढं सोसावं.

शेवटी देणगीदाराला काय कळवायचं, हे उरतं. वर्षातून एक पत्र, संशोधकानं स्वतः लिहिलेलं, मराठीत, दोन पानांचं. काय विचारलं, काय केलं, काय फसलं. फसलेलं लिहायला त्याला मुभा असली पाहिजे, नाहीतर तो फक्त यशस्वी होतील असेच प्रयोग करेल. छायाचित्रं, धनादेशाचा फलक, दीपप्रज्वलन हे ज्यांना हवं त्यांनी करावं. आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही परीक्षकांचे शेरे पाठवावेत. दोन जागांसाठी पन्नास अर्ज आले तर अठ्ठेचाळीस जणांना निधीकडून मिळणारी ती एकमेव गोष्ट असते, आणि त्यातले बरेचजण पुढच्या वर्षी तोच अर्ज सुधारून दुसरीकडे पाठवणार असतात.